उभ्या बाईचं विधेयक

ईरा आणि निहार,

ईराने शाळेच्या प्रकल्पासाठी केलेला तक्ता फोनवर मिळाला. 'भारतात कायदा कसा होतो.' पाच निळे चौकोन, त्यांना जोडणारे चार हिरवे बाण. विधेयक तयार होतं, लोकसभेत मतदान होतं, राज्यसभेत मतदान होतं, राष्ट्रपती सही करतात, कायदा होतो. खाली ईराने लिहिलं होतं, "आजी, तू तिथे काम करायचीस ना? हे बरोबर आहे का सांग. उद्या सबमिट करायचंय."

मी 'बरोबर आहे' एवढंच कळवलं, कारण तुला दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. पण अर्धं उत्तर पाठवून गप्प बसायची मला सवय नाही. त्यात आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई 'नोकरीतले अनुभव लिहा' म्हणून महिनाभर मागे लागल्या आहेत. त्यामुळे दोघांचं काम एकाच लेखात उरकते. तुमची आई वाचून दाखवेल. शब्द अडला तर तिला थांबवा, तीही अडली तर मला फोन करा.

पहिली दुरुस्ती अशी की मी 'तिथे' नव्हते. तिथे म्हणजे दिल्लीला मी दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांच्या गॅलरीत हाताची घडी घालून बसले, कारण तिथे पेनसुद्धा नेऊ देत नाहीत. मी काम केलं डोंबिवलीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आमच्या खासदारांच्या कार्यालयात. ठाण्याच्या ज्या कंपनीत मी स्टेनो होते ती बंद पडली, आणि इंग्रजी पत्र एकटाकी लिहिणारं माणूस खासदारांना हवंच होतं. खासदारांना सगळे भाऊ म्हणत. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी असूनही भाऊच म्हणायचे, आणि ते मला मॅडम म्हणायचे.

लोकांना वाटतं, खासदार कायदे करतो. लोकांना असं वाटतं हे पुस्तकात. प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्यांना वाटायचं की खासदार रस्त्यावरचा दिवा लावतो, शाळेत प्रवेश देतो आणि सासू-सुनेचं भांडण मिटवतो. सकाळी दहा ते दोन मी शिफारसपत्रं टाइप करायचे. कायदा हा शब्द आठवड्यातून एखाद्या वेळी निघायचा, आणि तोही बहुधा 'कायदा हातात घेईन' अशा वाक्यात.

भाऊ कल्याण-शीळ रस्त्यावरच्या गावचे. शेतकऱ्याच्या घरातले, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, इंग्रजी शून्य, हिंदी कामापुरतं. पहिल्याच अधिवेशनात त्यांनी जो गोंधळ केला तो आधी सांगते, म्हणजे मतदान कसं होतं तेही कळेल.

तुझ्या तक्त्यातलं 'मतदान' वाचून वाटतं की सगळे रांगेत उभे राहून चिठ्ठ्या टाकत असतील. तसं नाही. बहुतेक कायदे ओरडून होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूने असलेल्यांनी 'हाँ' म्हणावं. एक ओरडा होतो. विरोधात असलेल्यांनी 'ना' म्हणावं. दुसरा ओरडा होतो. अध्यक्ष कानाने अंदाज घेतात आणि 'हाँ'वाल्यांची जीत झाल्याचं सांगतात. मोजायचं कुणीच नाही. विधेयकाच्या प्रत्येक कलमाला असंच. विधेयकात असताना कलमाला खंड म्हणतात, एवढाच फरक. चाळीस खंड असले तर 'खंड दोन ते चाळीस' असा गठ्ठा करून एका ओरड्यात काम भागतं. तुम्ही शाळेत प्रार्थना म्हणता तेव्हा कोण खरं म्हणतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय हे बाईंना जेवढं कळतं, तेवढंच अध्यक्षांना कळत असावं.

तर भाऊंनी पहिल्या दिवशी बाजूचे सगळे 'हाँ' ओरडल्यावर अर्ध्या क्षणाने, घरच्या सवयीने, खणखणीत आवाजात म्हटलं, "हो ना."

आपल्याकडे 'हो ना' म्हणजे पक्कं हो. दिल्लीच्या कानाला त्यातला शेवटचा 'ना' तेवढा ऐकू आला, आणि तो सगळे गप्प झाल्यावर आला. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. अर्ध्या तासात पक्षाच्या प्रतोदांच्या माणसाचा मला फोन. प्रतोद म्हणजे वर्गाचा मॉनिटर. कुणी कसं मतदान करायचं याचा कागद तो काढतो, आणि बाब गंभीर असेल तर खाली तीन रेघा मारतो.

"मॅडम, आपके सांसद ने सरकारी बिल पर ना कहा है."

"त्यांनी हो ना म्हटलं असेल," मी म्हटलं.

"वही तो. हाँ कहा कि ना कहा?"

मी त्या गृहस्थांना फोनवर दहा मिनिटं मराठी व्याकरण शिकवलं. भाऊ परत आल्यावर त्यांना सांगितलं, "नुसतं हाँ म्हणायचं. पुढे काही जोडायचं नाही."

"पन मॅडम, आमच्यात नुसतं हो म्हनला तं मानूस तयार नाय असा समजतात."

"तिथे तयार नसलात तरी चालतं. फक्त हाँ."

ओरड्यावर कुणाचं समाधान झालं नाही तर मोजणी मागता येते. मग साडेतीन मिनिटं घंटा वाजते, कॅन्टीनमधले खासदार धावत येतात, दारं बंद होतात, आणि बाकावरची बटणं दाबायची. इथे एक गंमत आहे. एक बटण दाबून मत होत नाही. एका हाताने एक बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने हिरवं, लाल किंवा पिवळं, आणि दहा सेकंदांनी दुसरी घंटा होईपर्यंत दोन्ही सोडायची नाहीत. भाऊ सारखे एक हात सोडायचे. मग चूक झाल्याची चिठ्ठी लिहून द्यावी लागायची. मी त्यांच्याकडून कार्यालयात स्टेपलर आणि पंचिंग मशीन समोर ठेवून सराव करून घेतला. "धरा. धरा. अजून घंटा नाही झाली." त्या दहा सेकंदांत प्रत्येक खासदाराचे दोन्ही हात अडकलेले असतात, त्यामुळे कुणी फोनवर बोलत नाही की बोट दाखवत नाही. देशाच्या कारभारात याहून शांत दहा सेकंद मी पाहिले नाहीत.

आता मुख्य गोष्ट.

भाऊंच्या तिसऱ्या वर्षात एक बाई आली. पस्तीस-छत्तीसची, नीटनेटकी, केसांना तेल लावून घट्ट वेणी. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहणारी. नाव वंदना. शिफारसपत्रांच्या रांगेत तासभर उभी राहिली आणि नंबर आल्यावर म्हणाली, "मॅडम, कायदे इथेच होतात ना?"

"दिल्लीत होतात. इथून कागद जातो. काय हवंय?"

"बसायचंय."

मी समोरची खुर्ची दाखवली.

"इथे नाही ओ. कामावर."

ती स्टेशनजवळच्या एका तीन मजली साड्यांच्या दुकानात काउंटरला होती. सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहायचं. गिऱ्हाईक असो वा नसो. डबा खायला अर्धा तास, तोही गोदामात गाठोड्यावर बसून. मधे बसलं तर सुपरवायझर टोकायचा, कारण बसलेली बाई दिसली की दुकान चालत नाही असं बाहेरून वाटतं म्हणे. तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की दर तासाला थोडं बसा, नाहीतर हे काम सोडा. घरात तिचीच नोकरी धड होती, आणि तिला ते काम आवडायचं. "मी पैठणी उघडली ना मॅडम, बाई घेतल्याशिवाय जात नाही," असं ती फुशारकी न मारता, वजनाचं माप सांगावं तसं म्हणाली.

"शेठशी बोलून बघितलं?"

"बोलले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. तुम्ही बोललात तर कळेल कोणी सांगितलं. माझं नाव नको. कायदाच करा. कायद्यावर कोणाचं नाव नसतं."

कायद्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुठल्याही भाषणात ऐकलं नाही.

भाऊंना सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "माझी आई कल्यानच्या बाजारात भाजी विकाची. रस्त्याव बसाची, पन बसाची. एसीवाल्या दुकानात बसाला नाय देत?"

"नाही देत."

"मंग करा कायदा. किती पानं लागतील?"

दीड लागली. ईरा, इथे तुझ्या तक्त्यात एक चौकोन वाढव. विधेयकं दोन प्रकारची असतात. मंत्र्यांनी आणलेली सरकारी, आणि साध्या खासदाराने आणलेली खासगी. सरकारी विधेयकामागे अख्खं खातं असतं. खासगी विधेयकामागे आमच्या बाबतीत मी होते, जुन्या टाइपरायटरच्या जागी आलेला एक संगणक होता, आणि दिल्लीच्या सचिवालयातले एक सोशीक अधिकारी होते जे फोनवर मसुदा तपासून द्यायचे. खासगी विधेयकांना शुक्रवारी दुपारचे अडीच तास मिळतात. त्यांचे कायदे होतात का? तुमच्या आईच्या जन्माच्याही आधी झाले होते काही. त्यानंतर नाही.

हे मला माहीत होतं. वंदनाला मी ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मसुदा लिहिताना सगळ्यांत जास्त वेळ व्याख्येला गेला. 'आसन' म्हणजे काय? भाऊ म्हणाले, "आसन म्हनजे बसाचं." अधिकारी फोनवर म्हणाले, जमीनही बसायचीच असते, मालक म्हणेल खाली बसा. मग आम्ही 'जमिनीपासून पुरेशा उंचीचे' घातलं. पुरेशी म्हणजे किती? मग 'विहित करण्यात येईल अशा' घातलं. विहित करणे म्हणजे नंतर नियमात ठरवणे. कायद्यात जिथे जिथे कुणाला उत्तर येत नाही, तिथे हे दोन शब्द ठेवतात.

विधेयक आणायला अर्धं मिनिट लागलं. भाऊ उभे राहिले, विधेयक मांडायची परवानगी मागितली, ओरडा झाला, त्यांनी नुसतं 'हाँ' म्हटलं, विधेयक मांडलं, खाली बसले. त्या दुपारी ओळीने वीस-बावीस जणांनी अशीच आपापली विधेयकं मांडली. बसची तिकिटं फाडल्यासारखं चाललं होतं. मी टीव्हीवर पाहत होते. अध्यक्ष मधूनमधून कुणाला तरी सांगत होते, 'बैठ जाइए, बैठ जाइए.' त्या सभागृहात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द तोच असेल. बसण्याचा हक्क मागायला याहून योग्य जागा नव्हती.

मग मी चूक केली. ती माझीच होती, म्हणून नीट सांगते.

स्थानिक साप्ताहिकाला बातमी द्यायची होती. 'विधेयक मांडले' असं लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण मांडणं म्हणजे पाट-पाणी मांडणं, भातुकली मांडणं. मला ते घरगुती वाटलं. विधिमंडळाच्या मराठीत त्याला 'पुरःस्थापित करणे' म्हणतात. सभागृहापुढे ठेवणे, एवढाच अर्थ. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी कच्चं असेल असं आयुष्यभर लोकांनी गृहीत धरलं, आणि आयुष्यभर मी त्यांना खोटं पाडत आले. मी लिहिलं, 'दुकानांतील महिला कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क देणारे विधेयक लोकसभेत पुरःस्थापित.' विसर्गासकट.

साप्ताहिकाचे संपादक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शुक्रवारी अंक आला. पहिल्या पानावर ठळक मथळा: 'दुकानांतील महिलांना बसण्याचा हक्क लोकसभेत प्रस्थापित.'

मी फोन केला. "मास्तर, हे काय छापलंत?"

"तुमच्या टायपिंगमध्ये चूक होती. मी सुधारली. आभार नका मानू."

"चूक नव्हती. पुरःस्थापित असा शब्द आहे."

"असा शब्द नाही."

"आहे. म्हणजे नुसतं पुढे ठेवलं. तुम्ही छापलंत की हक्क मिळाला."

मास्तरांनी अंकाचं पान उलटल्याचा आवाज आला. "मग मांडलं म्हणायला काय झालं होतं?" ते म्हणाले. "खुलासा पाठवा, पुढच्या अंकात लावतो," म्हणाले.

खुलासा मी लगेच लिहायला घेतला. तो लिहून होईपर्यंत सोमवार उजाडला, आणि सोमवारी दुकानाचे शेठ स्वतः जिना चढून वर आले. पांढरा शर्ट, हातात घडी घातलेला अंक. मी त्यांना ओळखत होते. तुमच्या आईच्या लग्नाच्या साड्या तिथल्याच. वंदनाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, आणि मी चेहरा कोरा ठेवला.

"मॅडम, एकच विचारायला आलो. स्टूल किती उंच पाहिजे?"

"कसलं स्टूल?"

"कायद्यात. मी तीन आणलीत, दोन फुटांची. इन्स्पेक्टर येऊन चुकीची म्हणाला तर पुन्हा खर्च. पाठ टेकायची लागते का? गादी लागते का?"

खुलासा माझ्या उजव्या हाताखाली होता. तो सरकवायचा, किंवा नुसतं 'शेठ, असा कायदा झालेला नाही' म्हणायचं. आठ शब्दही लागले नसते. मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "उंचीचे नियम अजून विहित व्हायचे आहेत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत दोन फूट ठीक वाटतात."

शेठ समाधानाने उतरून गेले. मी खुलासा खणात ठेवला. भाऊंना सगळं सांगितलं, तेव्हा ते पोट धरून हसले आणि मग एकदम खासदारासारखे म्हणाले, "खुलासा विचाराधीन ठेवा." सरकारला ज्या गोष्टीवर काही करायचं नसतं ती गोष्ट विचाराधीन असते. हे मी त्यांनाच शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात वंदना आली, रांगेत न थांबता दारातूनच म्हणाली, "मॅडम, काल गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बसले. सात मिनिटं. सुपरवायझरने बघितलं आणि दुसरीकडे बघितलं." शेजारच्या दोन दुकानांनीही स्टुलं आणली होती. तिला वाटत होतं कायदा झाला. तिला सांगायची माझी ही दुसरी संधी होती. तीही मी घेतली नाही.

पुढे बरेच महिने गेले. खासगी विधेयकांच्या चिठ्ठ्या काढतात. ज्याची निघेल त्याच्यावर चर्चा. भाऊंची चिठ्ठी निघाली, हेच मोठं. तो शुक्रवार दिवाळीच्या आधीचा. वंदनाला मी निरोप दिला, आणि ती डब्याची अर्ध्या तासाची सुट्टी त्या वेळेला मागून घेऊन कार्यालयात आली. डबा मांडीवर, नजर टीव्हीवर.

भाऊ उभे राहिले. भाषण मी लिहिलं होतं, पण ते बाजूला ठेवून त्यांनी आईची भाजीची पाटी सांगायला घेतली. मोडक्या हिंदीत, पण चांगलं बोलत होते. वंदनाने घास हातात धरून ठेवला होता.

चार मिनिटांनी समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. सभागृहात गणपूर्ती नाही, म्हणाले. गणपूर्ती म्हणजे एकूण सदस्यांपैकी निदान एक दशांश हजर हवेत, नाहीतर काम चालवता येत नाही. शुक्रवारी दुपारी ते बहुधा नसतातच, आणि बहुधा कुणी बोलतही नाही. या गृहस्थांचं आमच्या विधेयकाशी काहीच वाकडं नव्हतं. आमच्या नंतर जे विधेयक येणार होतं ते त्यांना नको होतं.

घंटा वाजायला लागली. कॅमेरा सभागृहावरून फिरला. हिरव्या गादीची लांबच लांब बाकं, आणि मधे कुठे कुठे एखादा माणूस.

वंदना म्हणाली, "मॅडम, एवढी बसायची जागा, आणि कुणीच बसायला नाही?"

घंटा थांबली. मोजलं. पुरे पडले नाहीत. कामकाज तहकूब झालं. भाऊ तसेच हातात कागद घेऊन उभे होते, आणि मग चित्र बदललं.

त्या रिकाम्या बाकांबद्दल मला कुणाला नावं ठेवायचा अधिकार नाही. शुक्रवारी दुपारी खासदार विमानतळावर असतात, कारण शनिवारी मतदारसंघात लग्नं, उद्घाटनं, बारशी. भाऊंची शुक्रवारची तिकिटं तीन वर्षं मीच काढत होते. दुपारचं विमान, खिडकीची जागा. दुसऱ्या कुणाच्या विधेयकाची घंटा वाजली तेव्हा भाऊंचं बाक मीच रिकामं ठेवलं असणार, आणि ते कुणाच्या कसल्या हक्काचं होतं हे मी कधी विचारलंही नाही.

वंदनाने डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे कायदा झालेलाच नाही?"

"नाही."

"आधीपण नव्हता?"

"नव्हता. पेपरात चुकीचं आलं. चूक माझ्या शब्दाने झाली."

तिने डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"नाही."

"शेठना सांगणार?"

"सांगायला हवं, वंदना. त्यांना फसवल्यासारखं झालंय."

"सांगा," ती उठत म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. फक्त दिवाळी होऊ द्या. दिवाळीत गर्दी असते, पाय फार दुखतात." आणि अर्धा तास संपला म्हणून गेली.

दिवाळी झाली. मग लग्नसराई आली. लग्नसराईत दिवाळीपेक्षाही जास्त उभं राहावं लागतं. मग मी आजारी पडले, ते खरंच पडले. प्रत्येक वेळी खण उघडून खुलासा काढायचे, एखादा शब्द बदलायचे आणि ठेवून द्यायचे. संसदेत विधेयक समितीकडे पाठवतात ते असंच.

मग लोकसभेची मुदत संपली. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयकं आपोआप मरतात. त्याला 'व्यपगत होणं' म्हणतात. आमचं विधेयक चार मिनिटांच्या चर्चेसह व्यपगत झालं. भाऊंना पुन्हा तिकीट मिळालं नाही. कार्यालय बंद करायचं ठरलं. सगळ्या फायली लावून, यादी करून, सही घेऊन दिल्या. खुलासा मात्र कुठल्या फायलीत लावायचा ते कळेना. तो घेऊन मी सरळ दुकानात गेले.

शेठ गल्ल्यावर होते. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"उशीर केलात, मॅडम."

"हो. माफी मागायला आले आहे."

"मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. माझ्या मेहुण्याचा वकील आहे, तो म्हणाला, असला कायदाच नाही, तुम्हाला कुणी गंडवलं? शेजारच्यांनाही मीच सांगितलं. त्यांनी लगेच उचलली स्टुलं."

"आणि तुम्ही?"

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. "मीपण उचलायचीच ठरवली होती. सकाळी माणसाला सांगितलं, माळ्यावर टाक. तो गेला तर एक बाई बसलेली. तो मला विचारायला आला, काय करू? म्हटलं, मीच बघतो. गेलो." मग जरा चिडून म्हणाले, "आता बसलेल्या बाईला उठ म्हणायला काहीतरी कारण लागतं ना, मॅडम. उभीला बसू नको म्हणणं सोपं असतं. मला कारण सुचेना. सुचलं की उचलीन."

"कोण बाई होती?"

"ती पैठणीवाली. वंदना. चांगली आहे कामाला." आणि नोकराला हाक मारून मला चहा सांगितला.

मी वंदनाकडे वळून बघितलं नाही. तिने नाव नको म्हणून सांगितलं होतं.

ईरा, तक्त्याचं काय करायचं ते तू ठरव. निळे चौकोन बरोबर आहेत. आमचं विधेयक पहिल्या बाणावर पडलं. दक्षिणेतल्या एक-दोन राज्यांनी नंतर असा कायदा खरोखर केला, तो त्यांच्या उभ्या बायकांनी भांडून घेतला. दिल्लीत तो झालेला नाही. शेजारच्या दोन दुकानांत बायका अजून उभ्या असतात. मी कायदेशीर शब्दाऐवजी साधा शब्द लिहिला असता तर त्यांना ते थोडे दिवसही बसायला मिळालं नसतं, आणि खुलासा वेळेवर दिला असता तर वंदनालाही नाही, हे दोन्ही मी बरेचदा उलटसुलट करून पाहिलं आहे. हिशेब जुळत नाही.

गेल्या महिन्यात निहारच्या मुंजीची साडी बघायला गेले होते. दुकान दोन मजल्यांचं झालं आहे, तिसरा भाड्याने दिला. स्टुलं तीन होती, त्यातलं एक मोडलं. दोन आहेत. वंदना तिथेच कामाला आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की बसते.